समोरचं जळगाव

तुम्हांला अक्षरं येतात. म्हणून स्टेशनावरची पाटी सगळ्यांसाठीच लावलेली असते, असं तुम्ही धरून चालला आहात काय?

मी तसंच धरून चाललो होतो. करीमचाचा गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. सहा आठवड्यांपूर्वी अकोल्याहून परतत होतो. दुपारची पॅसेंजर आमच्या स्टेशनात थांबली आणि बाहेर आरोळीच आली नाही... उतरलो, तर तिकीटबाबू म्हणाले, "सोमवारीच माती देल्ली त्याले."

चाचा आमच्या स्टेशनचा पोर्टर. स्टेशन म्हणजे एक खोली, पुढं पडवी, घंटा म्हणून निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, आणि बाहेर सातपुड्याकडं जाणाऱ्या बैलगाड्या. जळगाव जामोद, सोनाळा इकडची माणसं इथंच उतरतात. चाचा दिवे पुसायचा, टपालाच्या थैल्या चढवायचा, पण गाडी लागली की हातातलं टाकून फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडत जायचा, "जामोदवाले उतरा होऽ! समोरचं जळगाव आपलं नाही होऽ!" समोरचं म्हणजे पुढचं; याच रुळांवर पुढं खानदेशातलं जळगाव आहे. डब्यात कुणी नुसतं "जळगाव कधी येईल?" विचारलं, की शिकलेला माणूस हमखास तेच सांगतो.

मी तेव्हा पत्रकं छापत होतो. गाडी वऱ्हाडातून धावते, मग पाटी एकट्या इंग्रजीत का, हा माझा सवाल होता. तो आजही मागं घेत नाही. निवेदनावर गावानं सह्या केल्या. त्यांत अंगठेच जास्त होते, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. चाचानंही अंगठा दिला.

"काय लिवलं बे याच्यात?"

"मराठी पाटी मागितली, चाचा. आता तुम्हांला ओरडावं लागणार नाही."

"हाव? मंग माह्या गळ्याले पेन्शनच देल्ली म्हन तू!"

आमच्या गावाचं नाव मराठीत लिहिलेली पाटी आली. आम्ही तिला हार घातला, मी भाषण ठोकलं. पाठोपाठ वरच्या साहेबांचा हुकूम आला: मराठी पाटी लागली आहे, सबब फलाटावर ओरडणं बंद. तोही मला विजयच वाटला.

त्याच महिन्यात माझी आत्या अकोल्याहून जळगाव जामोदला निघाली. तिची लेक तिथं आजारी होती, निरोप तातडीचा होता. आमच्या स्टेशनात गाडी थांबल्यावर तिनं शेजारच्या माणसाला नुसतं "जळगाव आलं का?" विचारलं. त्यानं माझी पाटी वाचली, अगदी बरोबर वाचली, आणि म्हणाला, "हे जळगाव नव्हे बाई, बसा." चाचा हुकुमाप्रमाणं पडवीत गप्प उभा होता. आत्या खानदेशात पोचली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीनं आली, तेव्हा तिला जामोदच्या बैलगाडीत बसवायला मीच गेलो होतो. तिनं चाचाला एवढंच विचारलं, "भाऊ, काल आवाज काऊन नाही देल्ला?" चाचानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

लेक तिला जिवंत भेटली नाही.

पुढं मी चाचापुढं उभा राहिलो. म्हणालो, पाटी मी आणली, दोष माझा. तो दिव्याची काच पुसत होता. "पाटी चांगलीच हाये बे. वाचनाऱ्याले वाचू दे. पन जळगाव दोन हायेत, हे पाटीले कोठं मालूम?" त्या दुपारपासून तो पुन्हा ओरडू लागला. लेखी ताकीद आली. ती वाचायला त्यानं मलाच बोलावलं. मी वाचून दाखवली. "अक्षर झ्याक हाये साहेबाचं," म्हणाला, आणि कागदाची घडी करून त्यानं दिव्याची काजळी पुसली. अशा तीन ताकिदी मी वाचल्या. त्याच्या नोकरीची भीती मला वाटायची. त्याला ती वाटल्याचं मी पाहिलं नाही.

आता नवा पोर्टर आहे. हुकूम पाळतो. त्याला नावं ठेवण्याचा हक्क मला नाही. पाटी ऊन खात उभी आहे, अक्षरं ठसठशीत आहेत.

मी नवं पत्रक काढणार नाही. तुम्ही त्या मार्गानं जात असाल, तर एकच करा. पाटी दिसली की मनात वाचून गप्प बसू नका. डब्यात उभे राहा आणि लाज न बाळगता मोठ्यानं म्हणा: जामोदवाले उतरा हो, समोरचं जळगाव आपलं नाही.