मयेकरांची सलग काठी

पहिल्याच भेटीत मयेकरांनी माझा हात धरला आणि ते तो सोडेचनात. मी कुवेतच्या फहाहील गावातल्या त्या इमारतीत नुकताच राहायला आलो होतो. जिन्यात उभा राहून फोनवर बायकोशी बोलत होतो. समोरच्या दारातून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बाहेर आले, मराठी ऐकून थांबले, आणि माझा फोन संपताच नाव-गाव विचारायच्या आधी माझी बाही वर सारून कोपरापासून मुठीपर्यंत वीत टाकू लागले. मला वाटलं, ज्योतिषी असावेत. मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो. दिवसभर लोकांचे हात धरून रक्त काढणं हा माझा धंदा, पण माझा हात कित्येक महिन्यांत कोणी धरला नव्हता. म्हणून मी गप्प उभा राहिलो.

"लांब हात आसा तुझो," ते म्हणाले. "खंयचो तू?"

"जालन्याचा."

"म्हणजे समुद्र नाय."

"नाही."

"अरेरे," ते म्हणाले. घरात कोणी गेल्याचं ऐकल्यावर म्हणतात, तसं. तेव्हापासून मी त्यांचा 'जालनेकर' झालो आणि ते माझे काका.

मयेकर मूळचे मालवणचे. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत ते एका कंत्राटदाराकडे गंज तपासणारे इन्स्पेक्टर होते. कुठला पाइप आतून सडतोय, कुठला अजून चालेल, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. सुट्टीच्या दिवशी मात्र ते समुद्रातल्या मासेमारीच्या काठ्या बांधत. विकत मिळतात तशा काठ्यांना ते नाक मुरडत. गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, काठी माणसाच्या अंगाला बसली पाहिजे, मागची मूठ कोपराखाली नीट टेकली पाहिजे, नाहीतर मोठा मासा लागल्यावर मनगट जातं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दिसेल त्याचा हात ते मोजत. इमारतीचा राखणदार, खालचा न्हावी, एकदा तर त्यांचं ब्लड प्रेशर बघणारा आमचा डॉक्टर. काठी मात्र तेव्हा ते कोणालाच बांधून देत नसत. त्यांच्या मनात एकच काठी होती, आणि ती अमेयची होती.

अमेय त्यांचा एकुलता एक मुलगा. कुवेतमध्येच वाढला, इथल्या भारतीय शाळेत शिकला. दर शुक्रवारी बापलेक एका ओळखीच्या बोटीने खोल पाण्यात गरवायला जायचे आणि काकू ओट्यापाशी मसाला वाटून वाट बघायच्या. बारावीनंतर मुलगा कॅनडाला गेला, तिथेच नोकरीला लागला. काकू गेल्या तेव्हा चार दिवस येऊन गेला. त्यानंतर आला नव्हता. आता येत्या हिवाळ्यात येतो म्हणाला होता, आणि त्या एका वाक्यावर काकांनी काठीचं सामान जमवायला घेतलं.

सामान म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक? मला वाटायचं, बांबू आणि दोरी. पहिल्या शुक्रवारी ते मला शुवैखला एका दुकानात घेऊन गेले. तिथे कोऱ्या काठ्या होत्या, काचेच्या आणि कार्बनच्या धाग्यांनी बनवलेल्या. त्यांना ब्लँक म्हणतात. काका एकेक काठी घ्यायचे, टोक जमिनीला टेकवून वाकवायचे आणि तळव्याखाली हळूहळू फिरवायचे. फिरता फिरता ती एका जागी उडी मारल्यासारखी वळायची. "हय तेचो कणो आसा," ते म्हणायचे. "ह्या कण्यार कड्ये बसवले तर काठी हातात वळवळणा नाय." दुकानदार इराणी होता. तो काकांना इतका ओळखून होता, की त्याने आम्हाला चहा दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला.

शेवटी दोन काठ्या उरल्या. एक मधोमध जोड असलेली, दोन तुकड्यांत निघणारी. दुसरी सलग, माझ्यापेक्षा उंच. मी आपला व्यवहारी माणूस. म्हटलं, "काका, ही जोडाची घ्या. अमेयला जाताना बॅगेत टाकून नेता येईल."

"जंय जोड, थंय गळती," काका म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "पाइप मधीच कधी फुटणा नाय, जालनेकर. जोडाकडे पयलो घाम येता, मगे गळता. सगळो जन्म माझो ह्याच बघण्यात गेलो."

"पण सलग काठी विमानात कशी जाणार?"

"न्हेवची कशाक?" त्यांनी काठी खांद्यावर घेतली. "काठी हंय रवतली. ज्येका गरवूचा आसा, तेणी हंय येवचा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे जोडाचं प्रकरण लोखंडाशी संबंधित नव्हतंच. मुलगा आला, काठी घेऊन गेला, की संपलं. काठी नेताच आली नाही तर तो पुन्हा येईल. मी पुढे वाद घातला नाही.

मग कड्यांचा शोध सुरू झाला. काठीवर ज्या कड्यांतून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जातो, त्या दुकानात डझनभर प्रकारच्या असतात, आणि प्रत्येक डबीवर 'गंजणार नाही' असं लिहिलेलं असतं. काकांचा डबीवर विश्वास नव्हता. त्यांनी समुद्राचं पाणी आणलं, काकूंच्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरलं आणि प्रत्येक बरणीत एकेक कडी टाकून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाळाभर ठेवल्या. कुवेतचा उन्हाळा! ते पाणी जवळजवळ उकळायचंच. संध्याकाळी ऑफिसातून आले, की ते चष्मा लावून बरण्या बघायचे. "खारा पानी कोणाची भीड ठेवणा नाय," ते म्हणायचे. "सायबाची नाय, शेखाची नाय." माझ्या बायकोने व्हिडिओ कॉलवर त्या बरण्या पाहिल्या आणि विचारलं, हे कसलं लोणचं? काका खूश होऊन म्हणाले, "मुरतासा अजून." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना ऐकलं. स्टीलच्या कड्या एकेक करून तांबूस झाल्या आणि कचऱ्यात गेल्या. टायटॅनियमच्या तेवढ्या टिकल्या.

मुठीसाठी बुचाच्या लाकडाऐवजी काळा फोम आला, कारण बुचाला माशाचा चिकटा लागला की वास जात नाही. रीळ बसवायची खोबण धातूची आली. कड्या काठीवर रेशमासारख्या धाग्याने गुंडाळून पक्क्या करतात. त्या धाग्याचा रंग कोणता घ्यायचा, हे मुलाने ठरवावं म्हणून त्यांनी फोन लावला. मी समोरच बसलो होतो.

"एनीथिंग इज फाइन, बाबा," अमेय म्हणाला. मागे कसलासा गलका होता. "आय अ‍ॅम इन अ मीटिंग. कॉल यू बॅक?"

काकांनी फोन खाली ठेवला. "'एनीथिंग' ह्या रंगाचो धागो शुवैखात गावणा नाय," ते मला म्हणाले. मला हसावं की नाही कळेना. मग त्यांनी मरून धागा घेतला, अमेयच्या शाळेच्या टायचा रंग. फोन काही परत आला नाही.

धाग्यावर रसायनाचा थर देतात आणि तो ओघळू नये म्हणून काठी सुकेपर्यंत फिरती ठेवावी लागते. काकांनी कबाब भाजायच्या शेगडीची मोटर काढून टेबलाला लावली होती. काठी गरगर न फिरता सावकाश फिरायची आणि आम्ही दोघं एसीखाली बसून तिच्याकडे बघायचो. बाहेर धुळीने आकाश पिवळं झालेलं. टीव्ही नाही, गप्पा नाहीत. परदेशात एकटं राहणारा माणूस कशाकशाकडे बघत बसतो, ते त्यालाच माहीत. मी मात्र घरी जायचं टाळत होतो, हे खरं.

काठी झाली. काळीभोर, कड्यांपाशी मरून. काकांनी ती दिवाणखान्यात भिंतीला उभी केली. हिवाळा आला आणि अमेयचा फोन आला, की नोकरी बदलतोय, रजा मिळणार नाही. "बट बाबा, सेंड मी द रॉड ना! इथे सी माझ्या घराच्या अगदी जवळ आहे."

"धाडतंय, धाडतंय," काका म्हणाले. किती उत्साहाने म्हणाले! फोन ठेवल्यावर ते तसेच बसून राहिले.

आम्ही काठी घेऊन कुरियरच्या ऑफिसात गेलो. तिथल्या केरळी माणसाने टेपने काठी मोजली आणि मान हलवली. एवढी लांब वस्तू पार्सलात जात नाही, दोन तुकडे असतील तर बोला. परत येताना टॅक्सीच्या खिडकीतून काठीचं टोक बाहेर होतं आणि काकांनी ते सगळ्या रस्त्याने हाताने धरलं होतं. मी चाचरत म्हटलं, "काका, मधे कापून जोड बसवला तर…"

"मेल्या, तुझो हात तोडून पार्सल करू काय?"

नंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. वाण्याकडे भेटले तरी दुधाच्या खोक्यांकडे बघायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीने त्यांना निरोप दिला. वय झालं होतं. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो आणि इकामा गेला की हा देश आपला राहत नाही, मग तुम्ही कितीही वर्षं इथे काढलेली असोत. घरातलं सामान विकलं गेलं. खाट, फ्रीज, काकूंचा मिक्सर. रिकाम्या दिवाणखान्यात काठी तेवढी उभी राहिली.

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. "जालनेकर, ये जरा. एकट्याच्यान जमाचा नाय. काठी धरूक कोण तरी होयो."

टेबलावर बारीक दातांची करवत होती. काठीच्या बरोबर मध्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मी दोन्ही हातांनी काठी धरली. काकांनी करवत टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

"काका, नक्की?"

"मीच हंयसून चललंय," ते म्हणाले. "मगे तो हंय कोणाक भेटूक येतलो?"

काळी भुकटी ओल्या फडक्यावर पडत राहिली. काठी दोन झाली तेव्हा काहीच आवाज झाला नाही. मला रडू येईल असं वाटलं, काठीसाठी! जालन्याच्या माणसाला! पण काका कामाला लागले होते. आतून बसेल अशी भरीव कांडी त्यांनी घासून घासून बेतली, एका तुकड्यात पक्की केली, दुसऱ्यात सरकवून बघितली. जोडाच्या दोन्ही बाजूंना मरून धाग्याची एकेक खूण बांधली, म्हणजे कड्या एका रेषेत येतील. जोड इतका सुरेख बसला, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. तो करताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, जणू काठी मीच नेणार होतो. "मेण लावूचा. भिजली तर सोडवून सुकत घालूची. आणि अडाकली तर एकट्यान ओढूची नाय, पिळवटता आणि मोडता. दोघे होये. एकान हय धरूचा, एकान थंय, आणि सरळ ओढूचा."

पार्सल गेलं. काकाही गेले. विमानतळावर आत जाता जाता त्यांनी माझी बाही वर सारली, कोपरापासून मुठीपर्यंत वीत टाकली आणि म्हणाले, "तुझी काठी रवली रे." मग ट्रॉली ढकलत गेले. मी त्यांना मिठी मारणार होतो, पण हात तसाच पुढे राहिला.

मालवणहून त्यांचे फोन यायचे. वाडीतले लोक मुंबईला गेलेले, शेजारची घरं बंद. "समुद्र आसा समोर, पण बोलूक कोण नाय," ते म्हणायचे. अमेयने एक व्हिडिओ पाठवला होता, काठी वाकलेली आणि टोकाला कुठलासा थंड पाण्यातला मासा. काकांनी तो मला पुढे पाठवला आणि लगेच फोन करून विचारलं, "जोड दिसलो तुका?" मी म्हटलं, नाही दिसला. "तो आता हंय येतासा," ते म्हणाले. "काठी घेवन ये म्हणून सांगितलंय. बॅगेत मावता." अमेयचं तिकीट निघालं होतं. तो निघायच्या दोन दिवस आधी सकाळी काका उठलेच नाहीत.

इतके दिवस फक्त काकांच्या फोनमधून ऐकलेला आवाज माझ्या फोनवर आला तो दिवसकार्य आटोपल्यावर. "अंकल, मी अमेय. बाबांच्या फोनमध्ये तुमचा नंबर फर्स्ट होता. अंकल, आय नीड हेल्प. मी काल धक्क्यावर गेलो होतो रॉड घेऊन. एकटाच. काही मिळालं नाही. आता तो जॉइंट निघतच नाही. माझी फ्लाइट आहे. बाबा तुम्हाला काही बोलले होते का?"

"बोलले होते," मी म्हणालो. "भिजल्यावर सोडवून ठेवली नाहीस?"

"नाही. विसरलो."

"एकट्याने ओढू नकोस, मोडेल. दोन माणसं लागतात. एकाने इकडून धरायचं, एकाने तिकडून."

पलीकडे समुद्राचा आवाज येत होता, घराच्या इतक्या जवळ. मग तो म्हणाला, "अंकल, मी इथे कोणालाच ओळखत नाही."

मी माझं दार उघडून समोरच्या दाराकडे बघितलं. तिथे आता कोणी फिलिपिनो कुटुंब राहतं. माझ्या हाताला कोणी वीत लावलेली नाही, त्यालाही आता बराच काळ झाला.

"मग राहू दे तिथेच," मी म्हणालो. "मी डिसेंबरात सुट्टीवर येतोय. मालवणला येतो. तूही ये. दोघं मिळून काढू."

"तुम्ही याल? जालन्याहून?" त्याला माझं गाव माहीत होतं.

"येतो."

"ओके," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने मराठीत म्हणाला, "मी येतो, अंकल."

डिसेंबरला अजून अवकाश आहे. मी तिकीट काढून ठेवलं आहे. तोवर ती काठी मालवणच्या बंद घरात भिंतीला उभी आहे, मयेकरांना हवी होती तशीच, सलग.