पत्र्याची खोली

शेवगावात आमच्या घरामागे एक पत्र्याची खोली होती. ती आम्ही भाड्याने देत असू. नव्वदीच्या सुरुवातीला तिथे एसटीचा एक कंडक्टर बायकोला घेऊन राहायला आला. खोलीबरोबर आमचा जुना कूलरही त्यांच्या वाट्याला गेला. त्याचा पंप दर उन्हाळ्यात रुसायचा. आमचे हे तो खोलून बसायचे आणि म्हणायचे, "नवा कशाला? चालतोय की अजून." चालायचा, पण नुसत्या झळा फेकायचा.

त्या वर्षी ऐन चैत्रात कंडक्टरच्या बायकोचे दिवस भरत आले. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणजे दवाखान्यातून ती बाळ घेऊन याच खोलीत येणार. मी हट्टाला पेटले. ह्यांना नवा कूलर आणायला लावला, त्यात ताजा वाळा भरला आणि गल्लीभर मिरवले.

मग बाळ झालं, ती त्याला घेऊन खोलीत परतली आणि तिची सासू जामखेडहून आली. आल्या आल्या तिने कूलर बंद केला, खिडकीला गोधडी लावली आणि बाजेखाली शेगडी सरकवली.

"अहो, बाहेर आग ओततेय!" मी म्हणाले.

"ओतू द्या. बाळंतिनीला वारं लागलं तर जलमभर हाडं दुखत्यात. आमी समद्या अशाच उठलो."

माझंही बाळंतपण शेगडीवरच झालं होतं, पण मार्गशीर्षात. बाळंतिणीच्या खोलीत कूलर आणून ठेवणारी मी एकटीच शहाणी! स्वतःचाच भयंकर राग आला.

बाळ घामोळ्यांनी लालबुंद झालं. दूध ओढेना. त्याची आई निथळत पडून होती, सासूपुढे अवाक्षर काढत नव्हती. मी बाळाच्या पाठीला हात लावला आणि घाबरले. मी सासूशी भांडले म्हणून ते दूध पिणार नव्हतं.

"पुढची खोली रिकामी करा," मी ह्यांना सांगितलं. स्वयंपाकघर सोडता आमची ती एकच खोली, जाड भिंतींची, वर मातीचं माळवद, वाऱ्याशिवाय गार राहणारी.

"भाडेकरूसाठी मालकाने घर सोडायचं? लोक हसतील."

"हसू देत."

सासूने खोलीचे कोपरे चाचपले, दार लावून पाहिलं. "व्हय, बंदिस्त हाय. न्हाई लागायचं वारं," म्हणाली. शेगडी तिने आणलीच, पण अंघोळीनंतरच्या शेकापुरती. संध्याकाळी बाळ चुटूचुटू दूध ओढू लागलं. मला रडूच आलं.

आम्ही दोघे नव्या कूलरसकट पत्र्याखाली गेलो. पहिल्याच दुपारी लाईट गेली. ह्यांचा बनियन अंगाला चिकटला. बराच वेळ ते वरच्या पत्र्याकडे बघत पडले होते.

"इतके उन्हाळे ती माणसं इथे कशी राहिली गं?" ते म्हणाले. मग उठून बसत म्हणाले, "हे पत्रे काढू. वर नीट छप्पर घालू."

"काढू," मी म्हणाले. "पण तोवर इथे आपणच राहायचं."