बोटभर दुमड

माझ्या लेकीच्या प्रत्येक परकरात माझी एक लबाडी शिवलेली असायची. तिचा कणा वाकडा होता, त्यामुळे कमरेची डावी बाजू वर आणि उजवी खाली. साधा परकर घातला की डावीकडे घोटा उघडा पडायचा आणि उजवीकडे काठ धुळीत लोळायचा. म्हणून शिवतानाच मी उजव्या बाजूला बोटभर जास्त दुमड घालायची. घडी घातली की परकर वेडावाकडा दिसायचा, पण पोरीच्या अंगावर गेला की काठ चहूकडून सारखा. साखरखेर्ड्याच्या बाजारात आमचं कापडाचं लहानसं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर, आणि शिवणाची मशीन माझी. त्यामुळे ही गोष्ट माझ्या आणि मशीनच्या मधेच राहिली.

पण पाठ काही दुमडीचं ऐकेना. पोरगी वाढू लागली तसा बाकही वाढू लागला. उजव्या खांद्यामागचं खवाट पोलक्यातून वर आलं, पळाली की धाप लागू लागली. तेल झालं, शेक झाला, लेप झाला. बाजाराला आलेली एक बाई एकदा तोंड वाकडं करून म्हणाली, "पोरगी कुबडी निंगाली वाट्टे." मी तिला म्हटलं, "तुह्या जिभेपेक्षा सरळच हाय." ती लुगडं न घेताच गेली. आमच्या मालकांनी कपाळाला हात लावला.

बुलढाण्याला एक डॉक्टर लढाईवरून परत आले होते. त्यांनी पोरीला वाकवून, उभी करून, बोटानं कणा चाचपून पाहिलं आणि म्हणाले की मुंबईला याचं ऑपरेशन होतं. त्या काळी वऱ्हाडातल्या माणसाला मोठं काम निघालं की तो नागपूरचं नाव घ्यायचा. मुंबई म्हणजे कापसाच्या गाठी जातात ते गाव, एवढंच आम्हाला ठाऊक. मी तिथंच विचारलं, "कवा जाचं?"

"आधी इचार तं करू," मालक म्हणाले.

"तुमी इचार करा, मी बोचकं बांधते."

मला अशी घाई पहिल्यापासूनच. चूल पेटायच्या आत भाकरी थापून बसणारी बाई मी. पण खरं सांगते, त्या दिवशी परतताना माझ्या पोटात भीती नव्हतीच. नुसतं उड्या मारावंसं वाटत होतं. इतकी वर्षं सगळे म्हणत होते की देवानं दिलं ते घ्यावं. आणि आज एक माणूस म्हणत होता की दुरुस्त होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी हाडांचा फोटो उजेडावर धरून सगळं समजावलं. आधी प्लास्टरमध्ये घालून पाठ हळूहळू ताणायची. मग नडगीच्या हाडाचा तुकडा काढून कण्यावर बसवायचा. "कलम करतात ना, तसं," ते म्हणाले.

पोरगी उताणी पडून ऐकत होती. तिनं विचारलं, "मंग माह्या पाठीले आंबे लागतीन का?"

डॉक्टर खोखो हसले. मग माझ्याकडे वळून गंभीर झाले. हाड धरलं तर बाक वाढायचा थांबेल, म्हणाले, आणि बराच सरळही होईल. पण किती सरळ, ते आज सांगता येत नाही. पुढचे कित्येक महिने तिनं बसायचं नाही, उठायचं नाही. प्लास्टर निघून ती आपल्या पायांवर उभी राहील, तेव्हाच कळेल.

ते वाक्य मी पदराला गाठ मारून घेतलं. ऑपरेशनच्या दिवशी व्हरांड्यात बसून मी अनोळखी बायांनासुद्धा तेच सांगत होते, "उभी राह्यली की समजते." भीती वाटली ती तेव्हा. हात इतके गार पडले होते की मालकांनी ते आपल्या हातांत धरून ठेवले, चारचौघांत, आणि आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

गावी परतलो ते वरातीच्या थाटात. मलकापूरपर्यंत रेल्वे, तिथून मोटार. मोटारवाल्यानं मागची बाकडी काढून जागा करून दिली. शेवटचा रस्ता बैलांच्या दमणीत, खाली गाद्यांचा ढीग. त्या गाद्या शेजारच्या चाचीच्या. तिच्या घरी कापूस पिंजायचा धंदा, आणि पोरगी परत येणार म्हटल्यावर तिनं सगळ्यात मऊ रुई काढली होती. पोरगी गळ्यापासून मांड्यांपर्यंत पांढऱ्या कवचात. सगळं गाव गोळा झालं. जो तो बोटाच्या पेरानं प्लास्टर वाजवून पाहत होता. पोरगी म्हणाली, "वाजवा, पण आत या म्हनून आवाज नाही येनार."

दुकानाला लागून असलेल्या खोलीत तिची खाट टाकली. कवचात मुंग्या शिरू नयेत म्हणून खाटेचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवले. कूस बदलायची तर अंगाला पीळ पडता कामा नये, अख्खी पोर एकदम फिरली पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी खांद्याकडून, चाची कमरेकडून. चाची "या अल्ला" म्हणायची, मी "हे देवा" म्हणायची, आणि पोरगी दोघींच्या मधे फिरायची. एकदा आमची वेळ चुकली तर ती ओरडली, "आधी तुमचे देव एका टायमाले बलवा!" तेव्हापासून आम्ही दोघीही नुसतं "हाव" म्हणू लागलो.

दिवसभर छताकडे बघून पोर वैतागेल म्हणून मालकांनी आपला दाढीचा आरसा दोरीनं आढ्याला टांगला, असा तिरपा की झोपल्या जागेवरून बाजार दिसावा. मग काय विचारता! कोण आलं, कोण उधारी टाळायला रस्त्याच्या पलीकडून गेलं, कोणाच्या बैलाचं शिंग रंगवलं, सगळं तिला ठाऊक. गिऱ्हाईक उंबऱ्यावर यायच्या आत ती आतून ओरडायची, "बाबा, मेहकरवाली मावशी आली, कालचा भाव सांगजा!" मालक लाजून चूर. पण गिऱ्हाईक वाढलं, हे तेही कबूल करायचे.

भाद्रपदात गल्लीतल्या पोरींनी भुलाबाई तिच्या खाटेजवळच मांडली. गाणी झाली की झाकलेली खिरापत ओळखायची असते. ही पडल्या पडल्या नाक वर करून वासावरूनच ओळखायची, त्यामुळे बाकीच्या पोरी चिडायच्या. प्लास्टरच्या आत खाज सुटली की मात्र रडायची. मग मी विणायची सुई कापडानं गुंडाळून काठाकडून आत घालायची आणि तोंडानं डॉक्टरपासून प्लास्टर शोधणाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. रडता रडता तिला हसू यायचं.

बुलढाण्याला येण्याची चिठ्ठी आली. मुंबईच्या डॉक्टरांनी प्लास्टर काढायचं काम तिथल्या डॉक्टरांवरच सोपवलं होतं. घरात नुसती धांदल उडाली. कापडावर सरकारचा कंट्रोल होता, दुकानातल्या फळ्या रिकाम्या. तरी मालकांनी पेटीच्या तळातून हिरव्या कापडाचा तुकडा काढला. लाल काठाचा. कधी लपवला होता देव जाणे.

"उभी राह्यली की हाच घालीन," पोरगी म्हणाली.

माप कसं घ्यायचं? अंगावर कवच. मी तिचा जुना परकर हिरव्या कापडावर पसरला, वाढीच्या अंगाला सोडलं थोडं जास्त, आणि एका बैठकीत शिवून काढला. मशीन पळत होती, मी गुणगुणत होते, हात आपोआप चालत होता. टाचा दुखल्या तेव्हा कळलं की परकर झाला.

चाची आमच्याबरोबर बुलढाण्याला आली. "पलटवाले लागीन तं कोन हाय तुम्हाले, वयनी?" म्हणाली. डॉक्टरांनी कापायला सुरुवात केली. करकर आवाज, पांढरा भुगा, कुबट वास. कवचाची दोन शकलं झाली आणि आत माझी पोर निघाली, कातडी पापुद्र्यांनी भरलेली, एवढीशी. आम्ही दोघींनी तिला कोमट पाण्यानं पुसलं. पडल्या पडल्याच पोलकं आणि हिरवा परकर चढवला. मग डॉक्टर एका बाजूनं, चाची दुसऱ्या बाजूनं. आधी बसवलं. तिला गरगरलं, थांबलो. मग उभी केली.

मी समोर जमिनीवर बसले होते. मी पाहिलं. परकराचा काठ उजवीकडे वर गेलेला होता. बोटभर, स्वच्छ वर.

"उलटी वाकडी केली!" मी किंचाळले. "डावी बाजू खाली बसवली अन् उजवी वर काढली! काऊन हो डाक्टरसाहेब, एवढे महिने माह्या पोरीले कवचात कोंडून तुमी तिले दुसऱ्या अंगाले वाकवली?"

डॉक्टर घाबरून तिच्या पाठीवरून बोटं फिरवू लागले. चाची एकदा पाठीकडे पाही, एकदा माझ्याकडे. मालक दारातून आत धावले. आणि पोरीनं मान खाली घालून काठाकडे पाहिलं. तिचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडते.

"माय," ती हसता हसता म्हणाली, "मी नाही वं. परकर वाकडा हाय."

मग मला माझा हात आठवला. जुन्या परकरावरून बेतलेलं कापड, आणि उजव्या बाजूला न विचारता घातलेली ती जास्तीची दुमड. मी मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. दोन्ही खांदे एका रेषेत होते. पोरगी माझ्या आठवणीपेक्षा उंच होती. इतकी वर्षं मी तिच्या पाठीकडे बघतच नव्हते, काठाकडेच बघत आले होते. तिथंच, डॉक्टरांच्या बुटांजवळ, मी हुंदके देऊन रडले, आणि तोंडानं मात्र म्हणत होते, "सरळ हाय वं बाई, सरळ हाय!"

"लवकर कर न वं माय," पोरगी म्हणाली, "पाय लटलट कापून राह्यले."

मी दातानं टाका तोडला, दोरा सरसर ओढला आणि दुमड खाली सोडली. मग बसल्या बसल्याच मागं सरकून पाहिलं. काठ सारखा झाला होता. उजवीकडे नखभर फरक राहिला होता, पण तेवढा मी कापडाच्या नावावर टाकला.