गच्ची देणार नाही म्हणणाऱ्या जाईबाई

आमच्या परळच्या चाळीत जाईबाईंना घाबरत नाही असा एकच माणूस, तो म्हणजे मी. आणि मीही हे त्यांच्या मागेच बोलतो. तीस वर्षं त्या इस्पितळात आया होत्या. भल्याभल्या डॉक्टरांना ‘हात धुतले का’ म्हणून अडवायच्या. निवृत्त झाल्या आणि त्यांनी चाळीची गच्ची ताब्यात घेतली. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, पाहुणे, भांडणं सगळं एकत्र. पोरं अभ्यास करणार कुठे? गच्चीवर पत्र्याची शेड, सतरंज्या, आणि कुजबुजणाऱ्यावर जाईबाईंची नजर.

यंदा मोबाइल कंपनीचा माणूस आला. देशभर बिनतारी इंटरनेट पोचवायचंय, त्यासाठी टॉवर हवा, टॉवरसाठी आमची गच्ची. अख्खी, आणि दाराला त्यांचं कुलूप. चाळ विरघळलीच. आमच्याकडे रेंज अशी, की आपलं ‘हॅलो’ जातं आणि उत्तर येत नाही. जाईबाईंची नात मनाली ऑनलाइन तास जिन्यात उभी राहून ऐकते.

“मावशी, तुम्हालाच तर रेंज पायजे,” आमचा सेक्रेटरी गुणाजी म्हणाला.

“पायजेच. पाण्याच्या टाकीवर लावा. पोरांना कशाला उठवता?”

कंपनीवाल्याला अख्खीच हवी होती. सभेत गुणाजीने ना-हरकतीचा कागद काढला. अठ्ठेचाळीस खोल्या, अठ्ठेचाळीस सह्या. जाईबाईंनी चष्मा लावला.

“गुणाजी, ही कोंडीरामची सही?”

“तुमच्या खोलीची ना, मावशी.”

“माझा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तुला भेटून गेला, मला नाही भेटला?”

आमच्याकडे भाडेपावती आज्याच्या नावावरच राहते. नाव बदलायला मालकाच्या दारात कोण जाणार? गुणाजीने पावत्यांवरची नावं उतरवली आणि घाईघाईत सह्याही ठोकल्या. निम्मे सहीवाले केव्हाच वारलेले. माझ्या वडिलांचीही सही होती, अक्षर त्यांच्यापेक्षा बरं. कंपनीवाला म्हणाला, रविवारपर्यंत जिवंत माणसांच्या सह्या आणा.

गुणाजी चिडला. “टॉवर हातचा गेला तर मनालीचं काय, ते बघा.”

“मनाली जिन्यात उभी राहील. बाकीची पन्नास-साठ पोरं कुठे बसवू, ते तू सांग.”

रविवारी सकाळी जाईबाईंनी गच्चीवर पोरांना सांगितलं, “आजचा अभ्यास आपापल्या घरी. टाळं पडल्यावर हेच करायचंय.” पोरं सतरंज्या घेऊन खाली उतरली. घराघरात टीव्ही बंद, मोठी माणसं गॅलरीत हद्दपार. एका बाईला स्वतःच्या घरात कुकर लावायची चोरी, कारण पोरगी गणितं मोठ्याने सोडवत होती. त्याच वेळी गुणाजी कागद घेऊन दारोदार फिरत होता.

सह्या मिळाल्या सात. सातवी त्याची स्वतःची. ती बायकोने खोडायला लावली, कारण त्यांची दोन्ही पोरं स्वयंपाकघरात वह्या पसरून बसली होती.

कंपनीवाला पुढच्या गल्लीत गेला. जाईबाई म्हणतात, जाऊ दे. टाकीवर लावायचा असेल तेव्हा ये म्हणावं, चहा पाजीन.