कोंडाजीची शेंदरी जीप

मुळशीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यालगत कोंडाजीचं घर, घरापुढं आंबा आणि आंब्याखाली त्याची जीप. जीप म्हणायची आपली! लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी, वर्षानुवर्षं गोठ्यामागं उघड्यावर भिजलेली. बॉनेटवर बोट दाबलं की गंजाचा पापुद्रा हातात यायचा. मूळची ती हैबतरावांची. रानातला हिरडा वाहायला त्यांनी घेतली आणि चालवायला कोंडाजीला ठेवलं, कारण लढाईत असल्याच गाड्या हाकून आलेला पंचक्रोशीत तो एकटाच होता. पुढं हैबतरावांनी ट्रक घेतला आणि जीप अडगळीत गेली. एक दिवस म्हणाले, "कोंडाजी, ने बाबा ही ब्याद. तुझ्याच हातची हाय."

कोंडाजीनं बैल जुंपले आणि ती घरी ओढत आणली. त्याची बायको गोजराबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभीच होती. तिनं तो गाडीवरून ओवाळून टाकला आणि विचारलं, "चालंल का?"

"चालंल म्हंजी? तुला समुद्र दावून आनंल!"

हे समुद्राचं प्रकरण त्या दोघांत जुनं होतं. लढाईवर जाताना कोंडाजी बोटीतून गेला होता. परत आल्यावर ओसरीत पडल्यापडल्या तो समुद्राचं वर्णन करायचा आणि गोजरा ऐकत राहायची. ऐकता ऐकता तिला भिंत दिसेनाशी व्हायची, चुलीतला विस्तव दिसेनासा व्हायचा, नुसतं पाणी. पाणी काही तिला नवं नव्हतं. ती परकरी पोर असताना धरण भरलं आणि तिचं माहेर, देवळासकट, चिंचेसकट, त्याच्याखाली गेलं. म्हणून एकदा ती म्हणाली होती, "ज्याच्याखाली कुनाचं गाव न्हाई, आसं पानी मला बघायचंय." बाई काय मागते आहे हे कळायला कोंडाजीला बरेच दिवस लागले.

आणि आता घाई होती. गोजराच्या नजरेला कडेकडेनं अंधार येऊ लागला होता. पुण्याच्या डॉक्टरनं बघितलं, थेंब दिले आणि स्वच्छ सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही. ताम्हिणीच्या वरच्या कड्यावरून, हवा निवळली की, खाली कोकण आणि कोकणापलीकडं समुद्र दिसतो, हे कोंडाजीनं स्वतः पाहिलेलं. कड्यापर्यंत नुसती गाडीवाट, खाचखळग्यांची. तिथं जीपच चढणार. दसरा झाला की हवा निवळते, तेव्हा जायचं, असं दोघांचं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडलं कुठं? इंजनावर तर नाही. ते बिचारं थोडं खोकलं, थोडं रुसलं आणि चैत्रात बोलायलाही लागलं. अडलं रंगावर. गंजलेली गाडी रस्त्यावर काढायची ही कल्पनाच कोंडाजीला सहन होत नव्हती. फौजेत त्याच्या गाडीच्या चकचकीत पत्र्यात साहेब तोंड बघायचे म्हणे. तेव्हा आधी गंज खरवडायचा, मग तांबडं अस्तर, मग वर फौजेचा हिरवा. असा हिरवा की रानात उभी केली तर रानाचीच वाटावी. हिरव्या रंगाचा डबा त्यानं आधीच आणून फळीवर ठेवला होता, आणि अधूनमधून उघडून त्यात बघत बसायचा.

सगळा उन्हाळा तो खरवडत होता. कानस, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर. रस्त्यानं जाणाऱ्यांना खर्र खर्र ऐकू यायचं आणि ते म्हणायचे, कोंडाजी अजून हायच. जिथं गंजानं पत्रा पार खाल्ला होता तिथं त्यानं रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून ठिगळं लावली. पण खरवडणं हे त्याच्यासाठी निमित्तच होतं हो! हात चालायचा आणि डोळ्यांपुढं वाट उलगडत जायची. ही चढण, हा ओढा, इथं पहिला गिअर टाकायचा, गोजराचा पदर वाऱ्यानं उडतोय, ती म्हणतीय जरा हळू. घामाचा थेंब पत्र्यावर पडला की तो भानावर यायचा आणि पुन्हा तीच जागा खरवडू लागायचा.

अस्तराला शेंदूर लागणार होता. फौजेत लोखंडाला लावायचे तो तांबडा रंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेला शेंदूरच, हे त्याला तिथंच कळलं होतं. गावात शेंदूर कुशाबा गुरवाकडं, मारुतीसाठी ठेवलेला. कुशाबानं दिला, नाही असं नाही, पण गुरव तो! म्हणाला, "कोंडाजी, मोटारीला लाव न्हाईतर भिंतीला लाव, शेंदूर त्यो शेंदूर. शनवारीच चढवायचा, आन एका बैठकीत. अर्धामुर्धा अंगावर ठिवायचा न्हाई."

शहाण्या माणसानं हो म्हणून सोडून दिलं असतं. कोंडाजी पडला देवभोळा. अख्खी जीप एकदम स्वच्छ करून शनिवारी एका बैठकीत शेंदूर! आणि दिवस कुठले? आषाढाचे, मुळशीतले, जिथं अंथरूण ओलं, मीठ ओलं. मागची बाजू खरवडून होईतो पुढची तांबूस व्हायची, पुढची करावी तर मागची. शनिवार येत होते आणि जात होते. कोंडाजी पावसापुरत्या घातलेल्या मांडवाखाली गाडीभोवती गोल गोल फिरत होता. शेवटी गोजराबाईच वैतागली. "आवो, तव्याला गंज चढू नये म्हनून मी तेलाचं बोट फिरवती. तुमच्या मोटारीला तेल वर्ज्य हाय का?" झालं! खरवडलेल्या जागी तेल, शनिवारी सकाळी रॉकेलच्या फडक्यानं ते पुसून काढणं, आणि भादव्यात एकदाची जीप शेंदरी झाली.

ऊन पडल्यावर ती वाळायला आंब्याखाली काढली. काय दिसत होती म्हणता! भोवती हिरवंगार भात, वर धुवून निघालेलं आभाळ, आणि मधोमध ती शेंदरी. डोंगरावरच्या वाडीतली गंगू मोळी घेऊन पौडला चालली होती. तिनं बघितलं, मोळी उतरवली, कुंपणातलं तेरड्याचं फूल तोडून बॉनेटवर ठेवलं, हात जोडले आणि मोळी उचलून निघून गेली. कोंडाजी बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी दोन फुलं होती. नवरात्रात नारळ फुटू लागले. दसऱ्याला तर गावचा सगळा झेंडू तिच्याच गळ्यात. एक म्हातारी मागच्या चाकाला पाच प्रदक्षिणा घालून गेली.

दसरा झाला. हवा निवळली. कोंडाजीनं हिरव्याचा डबा उघडला, काठीनं ढवळला आणि ब्रश बुडवला, तोच कुशाबा धावत आला. "आरं, काय करतुयास? चढलेला शेंदूर झाकतोस? देवाच्या अंगावरचा शेंदूर आपनहून सुटंल तवा सुटंल!"

"कुशाबा, ही मोटार हाय."

"व्हती. आता लोकं नारळ फोडत्यात."

भांडण झालं, गावकी बसली, काही ठरलं नाही, पुन्हा बसली. गोजराबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की तांबडी. जाऊन येऊ आपन." पण छे! कोंडाजीच्या मते नुसत्या अस्तरावर गाडी काढणं म्हणजे लंगोटीवर वरातीत नाचणं. "हिरवा लागू दे, मग बघ. दिसतंय न्हवं तुला?"

"दिसतंय की," ती म्हणायची.

आणि तो ते खरं धरायचा. राग येतो हो अशा वेळी या माणसाचा! तिनं हल्ली भिंतीला हात लावून चालायला सुरुवात केली होती, ताटातली चटणी तिला चाचपावी लागत होती. त्याला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्याच्या मनातली सफर इतकी सुंदर होती, हिरव्या जीपमधली, पदर उडणारी, की ती खरी करून बघायचं त्याला भय वाटत असावं. तो आंब्याखाली बसून त्या वाटेनं रोज एकदा जाऊन येत होता.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी तो चाकाजवळ उभा होता. खाकी सदरा काढून त्यानं स्टिअरिंगला अडकवला होता. गोजराबाई भाकरी घेऊन आली. सरळ जीपपाशी आली आणि सदऱ्यापुढं भाकरीचं फडकं धरून म्हणाली, "उनात किती येळ बसायचं त्ये? खाऊन घ्या आदी." कोंडाजी तिच्यापासून हातभर अंतरावर होता. ती थांबली. "रागावला का वो?" तिनं सदऱ्याला विचारलं.

कोंडाजीनं पुढं होऊन तिचा हात धरला आणि म्हणाला, "बस."

"कुटं?"

"गाडीत बस, गोजरा. आत्ताच्या आत्ता. चल."

हिरव्याचा डबा उघडाच राहिला. जीप निघाली ती धरणाच्या कडेकडेनं, कारवीच्या रानातून, वाळलेल्या ओढ्यांतून. वाडीवस्तीवरची माणसं शेंदरी गाडी येताना बघून वाट सोडून उभी राहत, कपाळाला हात लावत. गोजराबाई मांडीवर भाकरी घेऊन बसली होती. वारा तिच्या तोंडावर येत होता आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. कोंडाजीच्या मनातल्या सफरीत हे कुठंच नव्हतं, पण पदर उडत होता. ती म्हणाली, "जरा जोरात घ्या की!"

कड्यावर पोचले तेव्हा सूर्य अजून चांगला वर होता. त्यानं तिला धरून उतरवलं आणि सपाट कातळावर उभं केलं. समोर सगळं कोकण निळ्या धुरकटात उतरत गेलेलं, आणि पार टोकाला, आभाळ टेकतं तिथं, पांढरी चकचकीत रेघ. दोऱ्याएवढी.

"त्यो बघ," कोंडाजी म्हणाला. "त्या टोकाला."

गोजराबाईनं मान फिरवली, इकडं, तिकडं. कपाळावर हात धरला. कोंडाजी तिच्याकडं बघत होता. आयुष्यात त्यानं देवाकडं काही मागितलं नव्हतं, ते सगळं त्या घटकेला मागितलं. ती हळूहळू वळत वळत गेली आणि एका जागी थांबली. तिचं तोंड उघडं राहिलं.

"अगं बया," ती म्हणाली. "दिसला!"

कोंडाजीनं तिच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. तिची पाठ कोकणाकडं होती. समोर, उन्हात, जीप उभी होती.

"केवढा हाय वो," गोजराबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "आन शेंदरी! तुमी कदी बोलला न्हाईत शेंदरी आसतो म्हनून!"

कोंडाजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वळवलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "ऱ्हायलं सांगायचं."