ठणठणीत आहात, नाना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबर काम करणाऱ्यांना तर नाहीच. सांगायची कधी वेळच आली नाही असं म्हणता येईल — पण ते खरं नाही. वेळ बऱ्याचदा आली. मी विषय बदलला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सिन्नर तालुक्यात एका आरोग्य पाहणीत कामाला होतो. घरोघरी जायचं, मोठ्या माणसांचं ब्लडप्रेशर मोजायचं, तंबाखू, मीठ, साखरेचा आजार यांबद्दल विचारायचं. खेड्यातल्या माणसांना हार्टअटॅक आणि लकवा किती होतो, का होतो, हे शोधायचं होतं. हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे आजार आहेत, असंच तेव्हा बहुतेकांना वाटायचं. मी साधा बीएस्सी. पण गळ्यात स्टेथोस्कोप, हातात पाऱ्याचं मशीन आणि अंगात इस्त्रीचा शर्ट — गावं मला डॉक्टरसाहेब म्हणायची. आपण डॉक्टर नाही, हे आधी सांगायचं, असा आम्हाला नियम होता. सुरुवातीला मी तो पाळला. मग सोडून दिला. ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

रंगनाथ नाना पन्नाशीचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. त्यांची बायको ताराबाई घरी बिड्या वळायची. मी गेलो तेव्हा ती मांडीवर सूप घेऊन बसली होती आणि नाना पहिली पाळी करून नुकतेच सायकलवरून आले होते. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, हळूहळू सोडली. पारा दोनशेच्या वर असतानाच ठोके ऐकू यायला लागले, म्हणजे प्रेशर फारच वाढलेलं.

असं झालं की माणसाला शांत बसवून थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं. मोजलं — तेवढंच. मग पुढचे दोन दिवस त्या घरी परत जायचं, तरीही तसंच निघालं तर चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवायचं आणि माणूस खरंच गेला का, हेही बघायचं. ही सगळी रीत मला पाठ होती.

शनिवार होता. मला नाशिकरोडची एसटी पकडायची होती. रविवारी सुट्टी, सोमवारी नवं गाव, आणि शनिवारी गाव संपवणाऱ्याला आमचे साहेब सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचे. मी मनाशी म्हटलं, बाबा भट्टीवरून आलाय, सायकल मारत आलाय, तोंडात तंबाखू आहे, पारा चढणारच. यातलं एकही खोटं नव्हतं. म्हणून तर दुसऱ्यांदा मोजायचं असतं — आणि दुसऱ्यांदाही मोजून झालं होतं. मी कमी आकडा लिहिला.

"कसं काय हाय मग, डॉक्टरसाहेब?" नानांनी विचारलं.

"ठणठणीत आहात, नाना," मी म्हणालो.

ते खूश झाले. ताराबाईने चहा ठेवला होता, तो पिऊन मी निघालो. एसटी मिळाली.

तुम्हाला वाटेल, झालं, हाच याचा गुन्हा. मलाही वाटतं की एवढाच असता तर बरं झालं असतं. आळशी माणसाने लिहिलेला एक खोटा आकडा — असे किती असतील? पण एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो.

दोन-तीन वर्षांनी आमचं दुसरं काम निघालं. पहिल्या पाहणीतली जी माणसं मधल्या काळात गेली, त्यांच्या घरी जाऊन ती कशी गेली, हे विचारायचं. खेड्यात मरणाचं कारण कुठे धड नोंदलेलं नसतं. घरचे सांगतील ते नीट उतरवून आणायचं आणि शहरातले डॉक्टर त्यावरून कारण ठरवणार. गावं वाटून घेताना नानांच्या गावच्या यादीत मला त्यांचं नाव दिसलं. ते गाव दुसऱ्या कुणाला देता आलं असतं. मी ते मागून घेतलं. का, असं विचाराल — तर ताराबाई काय बोलेल ते दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. मला भीती वाटत होती. दुःख वगैरे नंतरचं.

तिने मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. दाराशी नानांची म्हातारी आई बसली होती. मी ठरलेले प्रश्न विचारत गेलो आणि ताराबाई सांगत गेली. नानांचं डोकं कितीतरी महिने दुखायचं. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. "मी रोज म्हनायचे, दवाखान्यात दाखवून या. तर म्हनायचे, डॉक्टरसाहेबांनी तपासलंय, ठणठणीत हाय म्हनले. त्या दिवशी मी लय बोलले त्यान्ला. तसेच गेले, डबा बी नाय नेला." कारखान्याच्या गेटवर ते पडले. एक बाजू लुळी झाली, वाचा गेली. नाशिकला नेलं, पण परत आले नाहीत.

"सकाळच्या पारी डोकं खाल्लं हिनं त्याचं," म्हातारी दारातून म्हणाली. आवाजात राग नव्हता. रोजचं बोलणं असावं. ताराबाई खाली बघत राहिली.

एका सकाळच्या भांडणाने माणूस असा जात नाही, हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं वाढलेलं प्रेशर नेतं माणसाला. औषध मिळालं असतं तर कदाचित वाचले असते, कदाचित नसते — ते मी कसं सांगणार? पण या बाईने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्या घरात बरोबर बोलणारी ती एकटीच होती. ती दवाखान्यात जा म्हणत होती आणि माझा शब्द त्यांना घरी बसवत होता.

मग तिने मान वर केली. "साहेब, तुम्ही तर तपासलं व्हतं. तवा चांगलं व्हतं ना?"

म्हातारीही ऐकत होती. एका वाक्याचं काम होतं. नाही, मावशी, तेव्हाच वाढलेलं होतं, मी सांगितलं नाही. नोकरी गेली असती, गावाने कदाचित चार शिव्या दिल्या असत्या. बस्स.

"हो," मी म्हणालो. "तेव्हा चांगलं होतं."

तिने मान हलवली. तिला हेच ऐकायचं असावं असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. तिला ते ऐकायचं नव्हतं. चांगलं होतं, मग बिघडलं कशाने — याचं उत्तर दारात बसलेल्या म्हातारीने आधीच दिलं होतं आणि आता डॉक्टरने त्यावर शिक्का मारला होता. ताराबाई हळूच म्हणाली, "मंग माझ्या बोलन्यानंच झालं." मी ते ऐकलं. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. मी पुढचा प्रश्न विचारला.

पुढे माझं बरं झालं. नाशिकला ऑफिसात बसायला लागलो, नव्या पोरांना शिकवायला लागलो. लोक डॉक्टर म्हणाले तर तिथल्या तिथे खोडून काढा, आकडा जसा दिसेल तसा लिहा — हे मी फार कडकपणे सांगायचो. सर काटेकोर आहेत, असं पोरं म्हणायची.

ताराबाई असेल तर आता म्हातारी झाली असेल. आपल्या बोलण्याने नवरा गेला, हे ती अजून धरून बसली असेल. तसं नव्हतं, हे तिला सांगू शकेल असा माणूस मी एकटाच. तिच्या गावाला एसटीने तासभर लागतो. मी गेलेलो नाही.