हाक्याचे ढोल आणि माझी मैना

तुमच्यातल्या ज्यांनी मागच्या वर्षी मला घोड्यावरून पडताना पाहिलं, त्यांना आधी सांगते: आज मी पुन्हा स्वार झाले.

मी जव्हारच्या दवाखान्यातली सुईण. पडल्यापासून डोलीतूनच फिरते. सकाळी साखरशेतहून एक जण धापा टाकत आला. "बाय, बायको अडलीय. सगली माणसा शिकारीच्या हाक्याला गेली, डोली कोन उचलील?"

दारात मैना उभी होती. ढोल ऐकला की बिथरते म्हणून संस्थानच्या पागेतून काढलेली ही घोडी मी नुकतीच घरी आणली होती, पण तिच्यावर बसायचा धीर होत नव्हता. आज बसले.

उतारावरच्या अरुंद वळणावर पोचलो आणि खाली रानात जनावरं उठवायला हाक्याचे ढोल सुरू झाले. मैना थिजली. मी लगाम आवळला, तशी ती मागे सरकली. मागे दरी होती. मी आणखी आवळला, ती आणखी सरकली.

मग कळलं, तिला दरीकडे मीच ओढत होते. लगाम सैल सोडणं फार जड गेलं, तरी सोडला. तिच्या मानेवर हात ठेवला. तिने लांब श्वास टाकला आणि ढोल वाजत असतानाच चालू लागली.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत.

परतताना शिरपामाळाकडून लांबच्या वाटेने आले आणि सपाटीवर मैनेला भरधाव सोडलं. सासूबाईंनी उशीर का झाला विचारलं, तर वाट चुकले म्हणाले.

इतक्या आनंदानं तुम्ही शेवटचं खोटं कधी बोललात?